नमुना क्रमांक सतरा

कारून नदीचं पाणी मी बाटल्यांत भरते.
पगार त्याचाच मिळतो.
क्षार किती, गाळ किती, जंतू कोणते,
लेबलवर तारीख, वेळ, जागा:
अहवाज, काळ्या पुलाच्या खालच्या अंगाला.

रविवारी तिथं पांढऱ्या कपड्यांतली माणसं येतात.
सदरा पांढरा, विजार पांढरी,
कमरेचा गोफ, डोक्याचं फडकं, सगळंच पांढरं.
कमरेएवढ्या पाण्यात एक म्हातारा, हातात ऑलिव्हची काठी,
आणि एकेक जण त्याच्याकडे असा जातो
जशी मुलं न्हाव्यापाशी जातात:
जरा भीत, मान आधीच झुकवून.

लहानपणी आई म्हणायची, तिकडं बघू नकोस.
सुब्बी आहेत ते. त्यांचं त्यांच्यापाशी.
मग मी बोटांच्या फटींतून बघायचे.
आता गळ्यात सरकारी ओळखपत्र आहे,
तरी बघते ती फटींतूनच.

एकदा म्हाताऱ्यानंच विचारलं,
बाई, नदी जिवंत आहे का आज?
मी आकडे सांगितले. वाईट होते.
ते राहू द्या, म्हणाला, वाहतेय ना?
वाहतेय.
मग झालं.

मी कानातल्याची फिरकी मुद्दाम मोडली
आणि शितिल सोनाराच्या दुकानात गेले.
(त्याला पाण्यात उतरताना पाहिलं होतं.)
पुढच्या महिन्यात दुसऱ्या कानातली.
तो डाग देत असे, मी विचारत असे.
नळाच्या पाण्यात का नाही चालत?
तो म्हणाला, नळाचं पाणी तोडून आणलेलं.
पाण्याला मागचं-पुढचं असावं लागतं,
माणसासारखं.
फुंकणी खाली ठेवून त्यानं चहा मागवला, माझ्यासाठी.
स्वतः प्यायला नाही. तेही विचारायचं होतं.
त्याऐवजी विचारलं ते भलतंच:
नदीत तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारतात?
त्यानं दागिना उजेडात धरला, उगाच फिरवला.
ते नाव दुकानात नसतं, म्हणाला.

आठ दिवस मी रागात होते.
मग बोटीनं पलीकडे जाताना, का कोण जाणे,
बरं वाटलं.

आई म्हणते, वजूला तुला हल्ली फार वेळ लागतो.
ईमान ढिलं होतंय का पोरी?
ढिलं नाही गं. कोपरावरून पाणी उतरतं
तेव्हा मनात येतं, हे आलं कुठून?
टाकीतून, आई म्हणते.
आणि नळ बंद करते.

त्या उन्हाळ्यात वर कुठंतरी धरणाची दारं मिटली.
नदीची डबकी झाली, डबक्यांना वास,
रेडे तेवढे खूश.
रविवारी ते सगळे काठावर उभे, पांढरेशुभ्र, कोरडे.
एक बाळ रडत होतं, तेही पांढऱ्यात.
म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. विचारलं नाही त्यानं.

मी खजुराची एक वाळकी पात पाण्यावर सोडली.
बसून राहिली.
सगळे बघताहेत. मीही.
मग हलली, बोटभर.
वारा की नदी? कुणीतरी पुटपुटलं.

खोटं बोलणं आमच्यात पाप.
त्यांच्यातही असेलच, ते विचारायचं राहिलं होतं.
बाही सारली, हात कोपरापर्यंत बुडवला, डोळे मिटले.
मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं नाडी लागते,
काहीतरी अगदी बारीक रेटत होतं.
माझंच रक्त आहे का, म्हणून थांबले.
दुसरा हात घातला.
मग म्हटलं, आहे.

या गोष्टीला तक्त्यात रकाना नाही.
नमुना क्रमांक सतरा भरायचा राहूनच गेला.

बाळ आधी, मग बायका, मग शितिल.
म्हाताऱ्यानं त्याच्या कपाळाला पाणी लावलं, तोंड उघडलं,
आणि मी दोन्ही हातांनी कान झाकले,
बोटं घट्ट मिटून.
फिरक्या कानांमागं टोचल्या.