टिंब

मलेम्बोच्या किनाऱ्यावर होड्या लागतात तेव्हा
माझ्या टॅबमध्ये अजून रात्रीची बॅटरी असते.
प्रश्न अकरा: शाळेची किती वर्षं पूर्ण केलीत?

अबिती काझेंबे बांबूच्या मांडवावर उसिपा पसरत होती,
बोटाएवढे मासे, तळहाताने हलके,
जणू कुणा आजाऱ्याचं अंथरूण घालतेय.
चार, ती म्हणाली.
चौथीत बाई अपूर्णांकांवर आल्या
आणि मला ताप भरला.
उठले तर बाप म्हणाला, आता जाळी शिव.

चार. रकाना हिरवा झाला.

आमचे साहेब प्रशिक्षणात म्हणाले होते
शाळेचं एक वर्ष म्हणजे
कमाईत साधारण दहावा हिस्सा जास्त.
फळ्यावर त्यांनी एक रेघ काढली, चढती,
आणि रेघेभोवती माणसं म्हणून ठिपके.
रेघेपासून लांबचे काही त्यांनी बाहीने पुसले.

मी सोळा वर्षं बसले बाकावर,
शेवटची चार झोम्बात, अर्थशास्त्राच्या वर्गात.
मला फॉर्ममागे पैसे मिळतात. अर्धवट फॉर्मचे नाही.
माझा भाऊ वायसन आठवीनंतर गेलाच नाही,
लिवोंदेच्या नाक्यावर सोलरच्या बॅटऱ्या उघडून बसतो.
या महिन्याचं माझं घरभाडं त्याने पाठवलं,
वर मेसेज: ताई, जेवतेस ना?

प्रश्न सव्वीस: गेल्या महिन्यात हातात किती आले?
कुठल्या हातात? ती म्हणाली,
आणि मासे सोडून माझ्यासमोर बसली.

ऐक. ब्लांटायरहून घाऊकवाला येतो,
पोतं काट्याला लटकवतो, लाल आकडे पेटतात.
बारा, तो म्हणतो. बारा मलाही वाचता येतं.
मग एक टिंब, आणि टिंबापुढे आणखी काही.
मी एकदा विचारलं, हे काय?
म्हणाला, काटा दमलाय, धाप टाकतोय.
मी म्हटलं, असेल. काटाही राबतोच की.
नऊ वर्षं मी त्या काट्याची दया केली.

मागच्या सुट्टीत एनिफा आली होती किनाऱ्यावर.
सातवीत आहे, चपला हातात घेऊन चालते.
तिने पोत्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं,
घाऊकवाल्याकडे मात्र पाहिलं नाही.
आई, ती म्हणाली, हे साडेबारा आहेत.

वारा होता. कोणी ऐकलं नसतं तरी चाललं असतं.
पण शेजारच्या मांडवावरच्या बायका
एकेक करून हात पुसत आल्या.

आता सांग, अबिती म्हणाली,
हे अर्धा अर्धा किलो कुठे लिहिशील?
मी स्क्रीन खाली सरकवली, वर सरकवली.
गेल्या महिन्याला रकाना होता,
गुरांना होता, पत्र्याच्या छपराला होता.
नऊ वर्षांना नव्हता. एनिफालाही नव्हता,
ती बारा वर्षांची, कमावणाऱ्यांच्या यादीत बसत नव्हती.

आणि तू? तिने विचारलं. किती वर्षं?
सोळा.
आणि किती आले?
मी आकडा सांगितला, जरा वाढवूनच.
तिने बोटांवर काहीतरी केलं,
बराच वेळ केलं, मग सोडून दिलं.
पाण्याच्या मडक्यावरची थाळी काढत म्हणाली,
तुझ्याही काट्याला धाप लागते वाटतं.

एनिफाची फी शुक्रवारपर्यंत भरायची आहे.
माझं कंत्राटही शुक्रवारी संपतं.
ती फी भरणार. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं,
कनवटीची गाठ दाबून बघत.

फॉर्म पाठवायला डोंगरीवर जावं लागतं,
तिथे रेंज येते. चढताना वळून पाहिलं:
मांडवावर तिने मासे उलटायला घेतले होते,
आणि घाऊकवाल्याची गाडी धूळ उडवत येत होती,
तिच्यापुढे सात बायका उभ्या,
सगळ्या काट्याकडे तोंड करून.

वर्षं: चार. मी बटण दाबलं.
पडद्यावर एक गोल फिरत राहिला.