पडून असलेला माल

सात माणसांचा आमचा कारखाना, आलेंतेजूच्या उन्हात.
बुचं करतो आम्ही, दारूच्या बाटल्यांची. दुसरं काही नाही.
मार्चात कॉम्प्युटरवर नवी प्रणाली बसली;
बसवणारा तेल्मू, पोर्तूहून आलेला,
दोन दिवसांत सगळं शिकवून, आमचं चीज घेऊन गेला.

जूनपासून पडदा उघडला की
अंगणातली साल लाल दिसू लागली.
खरी साल करडी, थप्पीवर थप्पी,
ऊन-पाऊस खात निवांत मुरणारी.
पडद्यावर मात्र : पडून असलेला माल, एकशे तीस दिवस.
(त्याआधीचे महिने त्याच्या लेखी उजाडलेच नव्हते.)
आणि खाली सल्ला : सूट द्या, मोकळे व्हा.

जुलैत देओलिंदा रानात, सोलणाऱ्यांबरोबर.
ऑफिसात मी, पंखा, आणि तो लाल रंग.
मी 'होय' दाबलं.
तीन ट्रक आले. पडदा हिरवागार.
खरं सांगते, बरं वाटलं,
वहीवर बाईंचा शेरा मिळावा तसं.

ती परतली. अंगणात नुसत्या शेजारच्या कोंबड्या.
ओरडली नाही. चाव्या टेबलावर ठेवून म्हणाली,
"यंदा आपलं काय ठरलं होतं?"

मला पाठ होतं :
स्वस्तातली बुचं बंद.
पाचच गिऱ्हाइकं, ज्यांची दारू वीस वर्षं थांबते.
पाव मोडता मोडता ठरलेलं,
ठाऊक फक्त त्या जेवणाच्या टेबलाला.
यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं.
ते बिचारं जुन्याच धंद्याची चाकरी करत होतं,
इमानेइतबारे.

संध्याकाळी तिने मला झाडांपाशी नेलं.
सोललेल्या बुंध्यांवर, तांबूस ओल्या अंगावर,
म्हातारा फाउश्तीनू पांढरा आकडा काढत होता : चार.
सोलल्या वर्षाचा शेवटचा आकडा.
आता नऊ वर्षं कुऱ्हाड लागायची नाही.
तिच्या आजोबांपासून हीच खातेवही,
ना पासवर्ड, ना वर्गणी,
आणि धंदा कुठे निघालाय ते तिला माहीत.

मग तेल्मूला फोन. "एक रकाना वाढव."
"कसला?"
"थांबण्याचा."
तो हसला. मग पैसे सांगितले.
घासाघीस अजून चालू आहे.

तोवर मी, चुका खोडायच्या पांढऱ्या शाईने,
पडद्याच्या चौकटीवर
एक चार काढून ठेवलाय.