मॉनिटर

एकच कॅसेट निघाली आमची, नव्याण्णव साली.
दांडिया बाजारात केरसीच्या गॅरेजवर प्रॅक्टिस:
खाली स्कूटरचं ऑइल, वर आम्ही तिघं
आणि वृषाली, जिला तोंड पोळल्याशिवाय
सूर लागायचा नाही. आधी सेव-उसळ, तरी जास्त.

सात महिने वाजलं ते गाणं, रिक्षारिक्षांतून.
सयाजीगंजात एकानं माझी सहीसुद्धा घेतली,
मग म्हणाला, तुम्ही नेमके कोण त्यातले?

पुढे ती एकटी गेली.
भांडण नाही झालं. भांडायला
निदान कुणी थांबावं लागतं.
निलय कॅनडात. केरसीनं बास विकून कॉम्प्रेसर घेतला.
मी साउंड देतो, भाड्यानं.

काल अकोट्याला तिचा कार्यक्रम. पोस्टरवर एकच चेहरा.
डोळ्यांवर उजेड, ती अंधाराकडे बघून म्हणाली,
दादा, मॉनिटर जरा वाढवा.
वाढवला. जरा जास्तच.

शेवटी तेच गाणं घेतलं तिनं,
नुसत्या गिटारवर, इतकं संथ
की आमचं होतं हे कळायला मुखडा संपावा लागला.
जिथे माझा रोल यायचा
तिथे ती थांबली. चार मात्रा.
मी त्या भरल्या, मिक्सरच्या कडेवर, नखानं.

बिल दिलंय मॅनेजरकडे.
चौदा हजार, टेम्पो वेगळा.