अननसात कोहळा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात खडकी बाजारात
आमच्या भट्टीसमोर डब्यांची रांग लागते.
डब्यावर चिठ्ठी: आडनाव, मैदा किती, तूप किती,
आणि खाली दोनदा रेघ मारून, "तूप घरचं आहे, लक्ष ठेवा."
बारटक्के आणि पिल्ले यांच्या मधे
एक डबा बिनचिठ्ठीचा.
मागे ल्याओ मॅडम, तैवानची,
चाकणला सायकलींच्या कारखान्यात तपासणीला असते.

"नानकटाई नाही," ती म्हणाली. "फंग-ली-सू.
अननसाची."
झाकण काढलं तर आत कोहळा,
किसून, पिळून, साखरेत आटवलेला.
मंडईत तिला विचारलं होतं म्हणे, दारावर टांगायचाय का?

मग अननस कुठाय?
"चवीपुरता. नुसता घातला तर आंबट होतो,
दोरे अडकतात दातांत.
म्हणून कोहळा त्याचं नाव लावतो."

ट्रे आत गेला. वीस मिनिटं.
तिच्या तुटक्या हिंदीत आणि माझ्या त्याहून तुटक्या इंग्रजीत
एक बेट हळूहळू फुगायला लागलं.

जपान्यांच्या राज्यात आजी डबाबंद अननसाच्या कारखान्यात.
रसाने बोटांचे ठसे गेले,
डबे बोटीने गेले,
आजीकडे राहिली नुसती मोजणी: इची, नी, सान.
मरेपर्यंत गोळ्या आणि नातवंडं
ती जपानीतच मोजायची.

मग ते हरले, दुसरे आले.
मग अमेरिकेचं पीठ आलं. रिकाम्या पोत्यांच्या
पोरांना चड्ड्या शिवल्या,
मागे छापलेले दोन हात, हातात हात घेतलेले.

थांब, म्हटलं, ते हात मी ओळखतो.
मिलोच्या साली आमच्याकडेही होतं तसं पोतं,
वडील त्यावर बसून पाव मोजायचे.

तिच्या वडिलांचं निराळंच.
घरची बोली शाळेत तोंडातून निसटली
की दंड, आणि गळ्यात पाटी.
आणि अननसाला त्याच बोलीत म्हणतात ओंग-लाय.
कान देऊन ऐकलं तर: भरभराट, ये.
साखरपुड्याला म्हणूनच तर वाटायचे अननसाची मिठाई,
आधी परातीएवढी, पुढे कुणीतरी केली मुठीएवढी.
शाळेच्या भाषेत तो शब्द
नुसतं फळ.
"बाबा दुकानात बोट दाखवून मागायचे," ती म्हणाली.
"नाव घ्यायचेच नाहीत."

मी सांगितलं नाही तिला,
आमच्या आजोबांनी फलटणीच्या बेकरीत मळलेला पाव
चोरून खाल्ला म्हणून
नारायण पेठेतल्या एका पोराचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.
पोरगा नंतर रोज यायचा. उघड.

सांगितली ती म्हण: आवळा देऊन कोहळा काढणे.
तिने नीट ऐकून घेतली, तपासणीला असते तशी,
आणि विचारलं,
"आवळा कुणी दिला?"

चार-पाच वर्षांपूर्वी समोरच्या किनाऱ्याने कळवलं,
तुमच्या फळात किडे आहेत, पाठवू नका.
सगळं बेट मग अननस खात सुटलं.
"जिभा सोलल्या," ती म्हणाली. "रागाने खाल्ला की सोलतातच."

ट्रे बाहेर काढला. कडेचे चार करपले,
आमची भट्टी डावीकडून तापट आहे.
बारटक्के काकूंनी एक उचलला, चावला, डोळे मिटले.
"अननस आहे," म्हणाल्या, ठामपणे.
आम्ही दोघांनी मान डोलावली.

जाताना तिने एक गल्ल्यावर ठेवला,
मग काहीतरी आठवून परत उचलायला लागली.
कारखान्यात रात्रपाळीला हे नेत नाहीत म्हणे.
भरभराटीला ये म्हटलं
की ती कामासकट येते.
राहू दे, म्हटलं.

त्या रात्री पावणेदोनला
रांग दर्ग्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती,
मैदा संपत आला होता, पोऱ्या झोपला होता,
आणि गल्ल्यावर तो
सोनेरी, चौकोनी,
साळसूद.