पिंजरा नंबर एकवीस

सकाळी साडेनऊला टोचलं. नऊ पन्नासला
उंदीर मान हलवायला लागला,
कुणीतरी काहीतरी विचारतंय
आणि हा नाहीच म्हणतोय, अशी.
ताप एकेचाळीस पूर्णांक दोन.
वहीत लिहिलं.

अर्ध्यांना उतारा, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी.
कुठल्या बाटलीत काय, मला ठाऊक नाही.
ठाऊक नसणं हीच इथली शिस्त.

नूरभाई शिकलगार भुसा बदलता बदलता थांबले.
'ओल्या फडक्यात घिऊ काय ह्याला, मॅडम?
आमच्या तालमीतल्या एका पोराला
कुस्तीआधी कुणीतरी सुई दिलती.
असाच दातओठ खात हुता.
हौदात बसवला. मासळी बाजारातनं
बर्फाच्या लाद्या आणल्या चार.'
'मग?'
त्यांनी भुशाची पाटी डोक्यावर घेतली.
'लवकर वितळल्या.'

फडकं देता येत नाही.
एकाला गारवा दिला तर तिसांना द्यावा लागेल,
आकडे बिघडतील.
नको म्हटलं. जरा मोठ्यानंच.

अकरा दहाला एकवीस नंबर आडवा झाला.
पेन हातात धरून मी बघत राहिले.
मग उठला, आणि सावकाश
मिशा पुसायला लागला.
उतारा की पाणी?
लिफाफा मार्चमध्ये उघडेल.
नूरभाईंनी पुढं काही विचारलं नाही,
फक्त त्या पिंजऱ्यात भुसा दोन मुठी जास्त टाकला.
तेही वहीत लिहायला हवं होतं.

संध्याकाळी खासबागेजवळून जाताना
भिंतीपलीकडून एकदम गलका उठला.
सवयीनं मी घड्याळ बघितलं.