अंगठ्याचं पीस

एकतीस वर्षं ओझरला पंखांच्या खात्यात काढली.
आधी रिव्हेट मारत, मग मारलेले तपासत,
शेवटी तपासणाऱ्यांच्या सह्या तपासत.
डाव्या कानाला आता कुकरची शिट्टी ऐकू येत नाही,
पण पत्र्यावरून बोट फिरवलं
की केसाएवढा उंचवटा अजून कळतो.

एका डिसेंबरात एक विमान आत आलं,
पाखरू धडकलेलं.
केरू मोगल टॉर्च घेऊन त्याच्या तोंडात
खांद्यापर्यंत शिरला,
आणि पात्यांच्या फटीतून काढून
माझ्या तळहातावर ठेवलं त्यानं
एक पीस. करंगळीएवढं. न मोडलेलं.

अहवालात रकाना होता, भरला:
परकीय वस्तू.
खाली सही माझी.

डब्याच्या झाकणात घालून पीस घरी आणलं.
बायको म्हणाली, हे काय नवीन?
मलाही सांगता आलं नाही.

मयताच्या खिशातली चिठ्ठी घेऊन
माणूस गावोगाव विचारत हिंडतो,
तसा मी मोटारसायकलवर चापडगावला गेलो,
नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर.
मनोऱ्यावर सोमा दराडे होता, दुर्बीणवाला.
पीस उजेडात धरून म्हणाला,
कुणाचं ते नाही सांगता येणार, अण्णा.
पण कुठलं ते सांगतो.
हे अंगठ्याचं.
आणि स्वतःचा अंगठा वर केला,
मतदान करून आल्यासारखा.

पाखराला अंगठा?
थांबा, म्हणाला. उतरताना बघा.

चित्रबलाक आला कादवेच्या अंगानं.
पाय खाली सोडले, कुठं करकर नाही,
शेपूट पसरली,
पंखांचे वाडगे करून हवा अडवली.
वेग मरत गेला. मरत गेला.
आता आदळणार, मी कठडा धरला,
तेवढ्यात पंखाच्या पुढच्या कडेला
एक चिमुकला झुपका उचलला गेला
आणि ते धूड गाळावर टेकलं
पाटावर बसावं तसं.

स्लॅट! मी ओरडलो.
चार बगळे उडाले. सोमानं तोंडावर बोट ठेवलं.

तोच कोन. तीच फट.
त्या फटीसाठी आमच्याकडे दोन पाळ्या,
सात माणसं, एक फीलर गेज
आणि पाहुण्यालाही न दाखवायची जाड वही.
इथं वही नाही.
इथं बेडूक गिळून झाला की चोच पुसतात, एवढंच.

मग जातच राहिलो. रिटायर झाल्यावर तर हजेरीच.
सोमा सांगतो, हळदीकुंकू बदकं
उडायची सगळी पिसं एकदम गाळून टाकतात.
तीन-चार आठवडे लव्हाळ्यात लपून,
कुणी बघू नये म्हणून गप्प.
ओव्हरहॉल, मी म्हटलं.
हँगरातली विमानं डोळ्यांपुढं आली:
पत्रे उतरवलेले, तारा लोंबणाऱ्या,
पोट उघडं टाकून ठोकळ्यांवर उभी.
रात्रपाळीला त्यांच्यापाशी
आम्हीसुद्धा हळू बोलायचो.
का कोण जाणे.

फक्त तिथं शेवटी मी सही करायचो,
की आता हे उडू शकतं.
बदकाला कोण सांगतं, आज?

गेल्या रविवारी वरून एक गेलं,
आमच्यातलंच असणार.
मला उशिरा ऐकू येतं,
म्हणून आधी पाणी शहारलेलं दिसलं,
मग अख्खं तळं उठलं,
राखी, पांढरं, तपकिरी,
आणि आवाज विरल्यावर
एकेक करून परत खाली.
दर उतरणाऱ्याला दोन अंगठे.
डावा उघडला. उजवा उघडला.
मी मोजत होतो. सवय.
दोनशे चाळीसपर्यंत आलो
तर सोमानं भाकरीचं फडकं सोडलं,
म्हणाला, अण्णा, ठेचा घ्या,
आणि आकडा चुकला.