दोन बोटं

कसेरा बाजारात तीनची तिरीप
पोतनीसांच्या गुडघ्यावरल्या तांब्यापर्यंत आली
तेव्हा मी ट्रायपॉड खाली घेतला,
त्यांच्या नजरेच्या उंचीला.

"वर एवढी रिकामी जागा कशाला?"
स्क्रीनमध्ये डोकावत त्यांनी विचारलं.
डोक्याला श्वास घ्यायला, मी म्हटलं. शिकवलेलं.

हसले. काठाखाली दोन बोटं आडवी धरली:
"नाव इथून खाली. काठाला चिकटलं की गुदमरतं.
आणि उजवीकडे मोकळं ठेवायचं,
पुढे 'यांजकडून' येतं."

मग चष्मा कपाळावर, छिन्नी, टिक टिक.
फोकस फिरवत मी जवळ, आणखी जवळ.
क्ष
मा
स

हात थांबला.
चिठ्ठी उलटीपालटी केली.
"देणाऱ्याचं नावच नाही हो."

मी कॅमेरा बंद केला नाही.
फक्त थोडा सरकवला,
उजवीकडे मोकळं राहील असा.